लोटलीची रोजनिशी

पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतल्या गोव्यात लग्नाची आमंत्रणपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरच्या हाताखालून जावा लागे. वर्तमानपत्राची तर ओळन्‌ओळ तपासली जाई आणि परवानगीवाचून सभा घ्यायची सोय नव्हती. त्यामुळे त्या काळाविषयीचे जे छापील हाती लागते ते एक तर सरकारी थाटाचे असते, नाही तर मुंबई-बेळगावात बसून सरकारविरुद्ध लिहिलेले. दोन्हींत गोव्यातले साधे गाव कुठे तरी हरवते. सकाळी पाव कोण घेऊन येतो, रविवारी मिस्स सुटल्यावर चर्चच्या अंगणात कोण कुणाशी बोलते, मडगावच्या बसमध्ये किती माणसे आणि किती कोंबड्या मावतात, याची नोंद कोण ठेवणार? विशी-पंचविशीतल्या एका तरुणाने ती ठेवली होती. दिवसाला एक पान, पानावर चित्रे आणि चित्रांच्या अंगाने चार ओळी. वही कुणाला दाखवायची नसल्याने सेन्सॉरची धास्ती बाळगायचे कारण नव्हते.

मारिओ मिरांडा हे नाव घेतले की मुंबईकराला कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती आठवतात, महाराष्ट्रात शिकलेल्या अनेकांना इंग्रजीच्या बालभारतीतली चित्रे, आणि ‘टाइम्स’च्या घरातली मासिके वाचणाऱ्यांना मिस निंबूपानी व मिस फोन्सेका. ही ओळख खोटी नाही. पण या सगळ्याच्या आधीचे मारिओ हे एका गावाचे बखरकार होते, आणि त्यांच्या पुढच्या साठ वर्षांच्या कामाची शिदोरी त्या बखरीतूनच निघाली.

जन्म २ मे १९२६चा, दमणचा. घर मात्र दक्षिण गोव्यात, सासष्टीतल्या लोटलीला. पूर्ण नाव मारियो जुआंव कार्लुश दु रोझारियु द ब्रितु मिरांडा. एवढे लांबलचक नाव चित्राच्या कोपऱ्यात बसवायचे म्हणजे चित्रच बाजूला सारावे लागले असते. सही नुसती ‘मारिओ’ झाली हे बरेच झाले. लहानपणी हा मुलगा दिसेल त्या भिंतीवर रेघोट्या ओढायचा. आईने वैतागून त्याला एक कोरी वही आणून दिली आणि काय काढायचे ते यात काढ म्हणून सांगितले. मुलाने तिचे नाव ‘डायरी’ ठेवले. पुढे शाळेत पाद्रींची चित्रे काढण्यावरून त्याने बोलणी खाल्ली, पण वही सुटली नाही. बंगळूरच्या सेंट जोसेफमध्ये शिकताना ती सोबत होती आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास घेऊन बी.ए. करतानाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर आर्किटेक्चरला नाव घातले, ते फार दिवस टिकले नाही. इतिहासाची पदवी मात्र वाया गेली असे म्हणवत नाही.

कारण लोटली हे इतिहासाच्या थरांवर थर चढलेले गाव. जुवारी नदीच्या दक्षिण काठावर ते आहे. पलीकडे बोरी आणि पुढे फोंड्याचा मुलूख. श्रीरामनाथाचे मूळ स्थान लोटलीतच. १५६०च्या दशकात राचोल किल्ल्याचा कप्तान दियोगो रोद्रिगेस याने इथले मोठे देऊळ जाळले आणि मग सासष्टीभर देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले. गावकऱ्यांनी देव उचलून नदीपार नेला. आज महाराष्ट्रातून गोव्याला जाणारी कुटुंबे ज्या रामनाथीला कुलदैवताच्या दर्शनाला उतरतात, ते बांदिवड्याचे देवस्थान असे उभे राहिले. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला, आणि तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता. लोटलीत १५८६ साली ‘जगाच्या तारकाचे’ चर्च उभे राहिले. शेजारच्या राचोलच्या छापखान्यातून १६१६ साली फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण बाहेर पडले, तेही ओवीबद्ध मराठीत. मिरांडांचे मूळ आडनाव सरदेसाई, असे घराण्यात सांगतात. तीनएकशे वर्षांचे त्यांचे घर त्या सगळ्या उलथापालथीनंतरच्या सुबत्तेचे: मोठे दिवाणखाने, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, आतले अंगण आणि रस्त्याकडे तोंड केलेला बाल्कांव.

बाल्कांव म्हणजे घरापुढचा ओटा, दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाके असलेला. संध्याकाळी घरमालक तिथे येऊन बसायचा आणि गाव त्याच्यापुढून जायचे. मारिओंच्या रोजनिशीतला गाव हा पुष्कळसा इथून पाहिलेला गाव आहे. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या वह्या पुढे ‘द लाइफ ऑफ मारिओ’ या नावाने स्वतंत्र पुस्तकांच्या रूपाने छापल्या गेल्या. त्या चाळताना पहिल्यांदा जाणवते ते हे की यात ‘निवड’ नाही. नंतरच्या आयुष्यातला चित्रकार काय काढावे आणि काय गाळावे हे ठरवून बसतो. रोजनिशीवाल्याला जे घडले ते त्याच दिवशी उरकायचे असते. मग फेस्त येते, नाच येतात, लग्ने येतात, मयत येते, काही न घडलेला कंटाळवाणा दिवसही येतो. आणि कंटाळवाण्या दिवसांची नोंद इतिहासकाराला सणांपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण सणांची वर्णने इतरत्र मिळतात.

पदेराचेच घ्या. गोव्यात पाव भाजायची कला पोर्तुगिजांबरोबर आली आणि सासष्टीच्या गावांनी ती उचलली. यीस्ट कुठून आणणार? म्हणून पीठ आंबवायला माडाची सूर वापरली गेली, आणि पदेर व रेंदेर हे दोन धंदे एकमेकांत गुंतले. रेंदेर माडावर चढून सूर काढायचा. तिच्यातली काही पावाला, काही फेणीला, काही गुळाला. भल्या पहाटे पदेर डोक्यावर वेताची टोपली घेऊन निघे, हातातली बांबूची काठी जमिनीवर आपटे, तिला लावलेल्या पत्र्याच्या चकत्या खुळखुळत, आणि घरातली पोरे जागी होत. टोपलीत उंडे, पोळ्या आणि पोरांसाठी कांकणे. नंतर काठीच्या जागी सायकल आली आणि चकत्यांच्या जागी रबरी भोंगा. मारिओंच्या गावातल्या गर्दीत असा माणूस दिसला की तो शोभेचा नाही. त्याच्यामागे माड, भट्टी आणि उधारीची वही असा अख्खा व्यवहार उभा आहे.

किंवा बस घ्या. लाकडी बॉडीची कामियांव गावोगावची माणसे गोळा करत मडगावला जायची. घाई ड्रायव्हरला नसायची आणि उतारूंनाही फारशी नसायची. मारिओंच्या चित्रांत बस म्हणजे चाकांवरचे गावच असते: पाद्री, मासे घेऊन निघालेली बाई, कडक कॉलरचा कारकून, डुक्कर, झोप लागलेला म्हातारा. यातला प्रत्येक जण आपापल्या उद्योगात असतो आणि चित्राकडे कुणीच बघत नसतो. चित्रकाराने त्यांना ओळीने उभे केलेले नाही, हे पाहणाऱ्याला लगेच पटते.

त्या वेळचे गोवे निम्मे मुंबईत राहायचे, हेही या वह्यांच्या मागे आहे. १९५०च्या शिरगणतीत गोव्याची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात होती आणि शेतीवर तेवढ्यांचे भागत नव्हते. बोटीवर जाणारे तारवटी, बँडमध्ये वाजवणारे, खानसामे, आया यांचे मुंबईतले बिऱ्हाड म्हणजे धोबीतलाव-गिरगावातली ‘कूड’. एकेका गावाची एकेक कूड. ट्रंक ठेवायला जागा, झोपायला चटई आणि रात्री सामुदायिक तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना. गोव्याचा म्हणून मिरवला जाणारा तियात्र हा नाट्यप्रकारसुद्धा जन्मला मुंबईत. १७ एप्रिल १८९२ रोजी ‘इतालियन भुरगो’चा पहिला खेळ झाला तो तिथेच. मारिओ कूडवाल्यांपैकी नव्हते. ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातले, कॉलेजात शिकणारे. पण रस्ता सगळ्यांचा एकच होता. बोरीबंदरहून गाडी धरायची, लोंढ्याला उतरून दुसरी गाठायची, कॅसलरॉकला हिंदुस्थानचा जकात नाका आणि घाट उतरून कुळ्याला पोर्तुगिजांचा. नाही तर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. जे लोक वर्षातून एक-दोनदा हा प्रवास करतात त्यांना आपले गाव सतत दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी ठेवून बघायची सवय लागते. मारिओंची तीक्ष्ण नजर जन्मजात होती हे खरे, पण ती परजली गेली या येण्याजाण्यात.

आता एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. या वह्यांतले गाव भाटकाराच्या मुलाने पाहिलेले आहे. ज्याच्या जमिनीत झोपडी बांधून मुंडकार राहतो, ज्याच्या हाकेसरशी त्याला जावे लागते, त्या घरच्या बाल्कांवातून मुंडकाराच्या चुलीपर्यंत नजर पोचत नाही. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून भाषण केले आणि पोलिसांनी त्यांना धरले. लोटलीहून मडगाव काही फार लांब नाही. त्यानंतरची पाच-सहा वर्षे गोव्यात धरपकडीची होती. चळवळीतल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांसारख्यांना पोर्तुगालातल्या तुरुंगात धाडले गेले. मारिओंचे विश्व मात्र नाच, फेस्त, थट्टा आणि प्रेमप्रकरणांचे. यावरून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. चौकीवरचा पोलीस, गावचा सरकारी अंमलदार म्हणजे रेजिदोर, फुगलेला साहेब हे त्यांच्या रेषेतून सुटले नाहीत आणि राजवटीची ऐट त्यांनी पुरती ओळखली होती. पण आज कुणी ही चित्रे दाखवून ‘जुने गोवे किती सुखाचे होते’ म्हणू लागला तर ते सुख कोणत्या ओट्यावरून मोजले आहे, हे विचारावे.

मुंबईत पोटापाण्याची सुरुवात पोस्टकार्डांनी झाली. मित्रांसाठी चित्रे काढलेली कार्डे किरकोळ मोबदल्यात. मग चारेक वर्षे जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ने काही चित्रे छापली, त्यावरून ‘करंट’ साप्ताहिकाने बोलावले, आणि आधी नकार दिलेल्या ‘टाइम्स’नेही वर्षभरात जागा दिली. इथे जो गोतावळा उभा राहिला, त्यात निंबूपानी ही नटी, फोन्सेका ही ऑफिसातली सेक्रेटरी, बुंदलदास हा मंत्री आणि मूनस्वामी हा त्याचा सहायक. मंडळी मुंबई-दिल्लीची असली तरी त्यांना घडवायची रीत लोटलीची होती. गावात प्रत्येक माणसाला एक टोपणनाव आणि एक लकब असते, आणि तेवढ्यावर त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालते. मारिओंनी महानगरातल्या अनोळखी गर्दीला तशी टोपणनावे दिली. शेजारी आर. के. लक्ष्मण रोज राजकारणावर नेमका बाण सोडत होते. मारिओंचा जीव त्यात कधी फारसा रमला नाही. त्यांना माणसे जमवायला आवडत.

१९६०च्या आसपास गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते लिस्बनला गेले. तिथे वर्षभर, मग लंडनला काही वर्षे; ‘पंच’, ‘लिलिपुट’ अशा नियतकालिकांत चित्रे आली. ते तिकडे युरोपात असताना इकडे १९ डिसेंबर १९६१ उजाडला. भारतीय सैन्य आधीच गोव्यात शिरले होते आणि साडेचारशे वर्षांचा अंमल दीड-दोन दिवसांत संपला. म्हणजे ज्या गावाचा हा बखरकार, त्या गावाच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस त्याच्या वहीत नाही.

यानंतर त्यांच्या गोव्याच्या चित्रांची जात बदलते. १९६४ साली ‘गोवा विथ लव्ह’ निघाले. रोजनिशीत जे काल घडलेले होते, ते इथे आठवणीतले झाले. आठवण नीटनेटकी असते. ती गाव स्वच्छ करते, माणसे गोल करते, भांडणे विनोदी करते. गंमत अशी की त्याच वर्षी गोव्याच्या विधानसभेत कूळ कायदा आला. भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार होते, कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. १९७५ साली मुंडकार कायदा झाला आणि भाटकाराला वाटेल तेव्हा मुंडकाराला उठवता येईना. रेजिदोर गेला, पंचायतीचा सरपंच आला. बाल्कांव जिथल्या तिथे राहिला, पण त्यावर बसणाऱ्याचा दरारा उतरला. मारिओ ज्या समाजाची चित्रे प्रेमाने काढत होते, त्याचा पाया त्याच वर्षांत काढून घेतला जात होता, आणि मुंडकाराच्या बाजूने पाहिले तर तो काढायलाच हवा होता.

तरीही ही आठवणीतली चित्रे गुळगुळीत का होत नाहीत? उत्तर रेषेत आहे. मारिओ बहुतेक काम काळ्या शाईत, टाकाने करत. आखीव रेघ, तिच्या आत बारीक आडव्या-उभ्या रेघांची वीण, आणि तिच्यातून फरशी वेगळी, कौले वेगळी, साडीचा काठ वेगळा. छाया दाखवायला ते डाग टाकत नाहीत, रेघा मोजून भरतात. शिवाय त्यांच्या मोठ्या चित्रांना एक मधोमध नसते. लग्नाचे चित्र आहे म्हणून नजर नवरा-नवरीवर थांबावी, तर तिकडे व्हायोलिनवाल्याचे लक्ष थाळीकडे, टेबलाखाली कुत्रे, खिडकीतून डोकावणारी बिनबोलावलेली पोरे, कोपऱ्यात दोन बायका तिसरीबद्दल बोलताहेत. पंगतीत वाढपी जसा ओळीने पुढे सरकतो, तसे हे चित्र पाहावे लागते. एकेका पानावर थांबत. प्रत्येक कोपऱ्यात एक गोष्ट अर्ध्यावर सोडलेली असते आणि ती पाहणाऱ्याने पुरी करायची. असली अर्धी गोष्ट मनाने रचता येत नाही, ती कधी तरी पाहिलेली लागते. रोजनिशीची वर्षे इथे कामी येत होती.

मोंडेगारच्या भिंतींवर हीच रीत शहराला लावलेली दिसते. एका बाजूला कॅफेतले जग, दुसऱ्या बाजूला मुंबई. तिथे बियर पीत बसलेला माणूस समोरच्या भिंतीवरच्या माणसांत स्वतःला शोधतो आणि बहुधा सापडतोही.

गावाने मात्र आपला बखरकार ओळखायला इतरांची वाट पाहिली. मनोहर माळगावकरांच्या ‘इनसाइड गोवा’ला (१९८२) मारिओंची चित्रे होती, एक इतिहासात रमणारा कादंबरीकार आणि एक इतिहासाचा पदवीधर चित्रकार, अशी ती जोडी. मग श्याम बेनेगल लोटलीला आले. ‘त्रिकाल’ (१९८५) हा चित्रपट १९६१च्या गोव्यातल्या एका ख्रिस्ती भाटकार घराण्याचा, आणि त्याचे चित्रण झाले ते मिरांडांच्याच घरात. लीला नायडूंनी रंगवलेली म्हातारी दोना मारिया मेलेल्या नवऱ्याला पलीकडून बोलावू पाहते आणि त्याच्याऐवजी घराण्याने ज्यांच्यावर अन्याय केला त्यांचे आत्मे येतात. बाल्कांवातून जे दिसत नव्हते ते असे घरातच येऊन उभे राहिले. अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेले ते दिवाणखाने पाहिल्यावर मारिओंच्या रेषांतल्या घरांना अंधाराची बाजू होती हे लक्षात येते.

१९९०च्या दशकात ते मुंबई सोडून लोटलीला कायमचे परतले. तोवर समुद्रकाठचे गोवे निराळेच झाले होते. हिप्पी येऊन गेले, मग चार्टर विमाने आली, आणि मारिओंनी त्यांनाही त्याच चवीने चितारले. आता त्यांची माणसे कपांवर, टाइल्सवर, टी-शर्टवर बाजारात आहेत. पणजीच्या बाजारात मोठ्या आकारात भिंतीवर आहेत. गोव्याहून आणायची भेटवस्तू म्हणून काजूच्या खालोखाल मारिओंचा नंबर लागावा. यात वाईट काही नाही, पण कपावरचा पदेर हा नुसता टोपलीवाला माणूस उरतो. त्याची सूर, भट्टी आणि उधारी बघायची तर वह्यांकडेच जावे लागते. त्या वह्या व हजारो सुटी चित्रे धुंडाळून, लावून छापण्याचे काम वास्तुशिल्पी जेरार्ड दा कुन्हा यांनी केले, हे गोव्यावर मोठे उपकार आहेत.

सरकारने १९८८ला पद्मश्री आणि २००२ला पद्मभूषण दिले. स्पेन व पोर्तुगालनेही मान दिला. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीच्या घरी मारिओ गेले. पुढच्या वर्षीच्या पद्मविभूषणाच्या यादीत त्यांचे नाव मरणोत्तर म्हणून होते.